बारावीनंतर आंतरराष्ट्रीय संबंध : बडोद्यातून कॉलेज शोधतानाचे दहा महिने

ऑक्टोबर २०२४मध्ये, दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर, लेकीने घरात सांगितलं की बारावीनंतर तिला आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे आहेत. १ ऑगस्ट २०२५ला तिचं कॉलेज सुरू झालं. मधल्या काळात काय काय करावं लागलं, किती पैसे गेले, कुठे ताटकळावं लागलं, हे तारखांसकट लिहून ठेवते आहे. बडोद्यात इंजिनिअरिंग, मेडिकल, सीए याबद्दल सांगणारे घरोघरी भेटतात. या विषयाचं नाव काढलं की मात्र दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत सगळीकडे एकच प्रश्न आला : "म्हणजे यूपीएससी का?" तारखा २०२५च्या प्रवेशाच्या आहेत. पुढच्या वर्षी त्या मागेपुढे होतील, म्हणून अर्ज भरताना त्या त्या वर्षीचं माहितीपत्रकच प्रमाण धरा.

आधी त्या यूपीएससीच्या प्रश्नाचं. परराष्ट्र सेवेत जायला आंतरराष्ट्रीय संबंधांचीच पदवी लागते, हा आमच्या घरातल्या थोरामोठ्यांचा समज होता. तसं नाही. नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते. मुख्य परीक्षेत 'राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय आहे, पण तोही कुठल्याही पदवीधराला घेता येतो. म्हणजे परीक्षेसाठी ही पदवी सक्तीची नाही. ती घ्यायची तर विषयासाठी घ्यायची. हे एकदा स्पष्ट झालं आणि आमचा शोध बदलला. 'कुठून अधिकारी होतात' याऐवजी 'कुठे हा विषय नीट शिकवतात' हे बघायला लागलो.

पहिला आठवडा चुकीच्या यादीत गेला. यादीच्या अग्रभागी आम्ही जेएनयू लिहिलं होतं. दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये १९५५मध्ये सुरू झालेली आणि १९७०मध्ये जेएनयूत विलीन झालेली ती आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था नावाजलेली आहे, पण ती एमए आणि पीएचडीची. बीए ऑनर्स जेएनयूत आहे ते परकीय भाषांचं : चिनी, जपानी, कोरियन, रशियन, फारसी, स्पॅनिश वगैरे. ज्याला भाषेतून या विषयाकडे जायचं आहे त्याच्यासाठी तो रस्ता उत्तम आहे. लेकीला तो नको होता, म्हणून जेएनयू एमएच्या वेळेसाठी बाजूला ठेवलं.

मग बीएच्या पातळीवर हा विषय त्याच नावाने कुठे मिळतो ते पाहिलं. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९५६पासून आंतरराष्ट्रीय संबंधांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे बीएसुद्धा आहे. सोनिपतचं जिंदाल, पुण्याचं फ्लेम, आणि आपल्याजवळ गांधीनगरला पंडित दीनदयाळ ऊर्जा विद्यापीठाची लिबरल स्टडीज शाखा, इथे थोड्याफार वेगळ्या नावांनी तो मुख्य विषय म्हणून घेता येतो. बाकी बहुतेक सरकारी विद्यापीठांत, दिल्ली विद्यापीठात आणि आपल्या एमएसमध्येही (बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ), तो राज्यशास्त्राच्या पोटात आहे. दुकानाच्या पाटीवरून मालाचा अंदाज करायचा असेल तर राज्यशास्त्रवाले सगळे बाद होतात. आम्ही पाटी बाजूला ठेवून पेपर मोजायला बसलो. सगळ्या धावपळीत सर्वांत उपयोगी पडलं ते हे काम, म्हणून ते सविस्तर सांगते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून ठरणारं एकक) आहेत. काही विद्यापीठांचा आकडा याहून जास्त आहे. प्रत्येक विद्यापीठाचा पूर्ण अभ्यासक्रम पीडीएफमध्ये मिळतो. माहितीपत्रकातलं रंगीत पान नव्हे, सत्रवार पेपर, क्रेडिट आणि वाचनयादी असलेला मूळ अभ्यासक्रम. तो संकेतस्थळावर नसेल तर विभागाला ईमेल करून मागायचा. ईमेल करूनही जो विभाग अभ्यासक्रम पाठवत नाही त्याच्या नावावर आम्ही सरळ काट मारली.

एका दोनशे पानी वहीत प्रत्येक विद्यापीठाला दोन पानं दिली. प्रत्येक पेपरासमोर सत्र, क्रेडिट आणि 'सक्तीचा की ऐच्छिक' एवढंच लिहायचं. मग पेन्सिलीने खुणा. सिद्धांताचा स्वतंत्र पेपर आहे का? वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद या चौकटी पक्क्या झाल्या नाहीत तर पुढची तीन वर्षं वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्यात जातात. भारताचं परराष्ट्र धोरण सक्तीचं आहे का? आंतरराष्ट्रीय कायदा आणि संघटना? आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थकारण? जकात, निर्बंध, चलनाचे दर, कर्जं यांच्याशिवाय आजचं कुठलंच भांडण समजत नाही, आणि हाच पेपर बऱ्याच ठिकाणी गायब असतो, कारण तो शिकवायला अर्थशास्त्र आणि राजकारण दोन्ही जाणणारा माणूस लागतो. एखाद्या प्रदेशाचा, म्हणजे दक्षिण आशिया, पश्चिम आशिया, चीन यांपैकी कशाचा तरी सलग अभ्यास आहे का? संशोधनपद्धती आणि थोडी संख्याशास्त्राची ओळख? परकीय भाषा किती सत्रं? एका सत्राच्या भाषेने नमस्कार-चमत्कारापलीकडे काही येत नाही. निदान चार सत्रं सलग हवीत.

मोजल्यावर चित्र पालटलं. नावात 'आंतरराष्ट्रीय' असलेल्या एका खासगी विद्यापीठात पहिल्या तीन सत्रांत बहुतेक सामान्य विषय होते आणि पूर्ण पदवीत या विषयाचे सक्तीचे पेपर सहा निघाले. राज्यशास्त्र ऑनर्सच्या एका अभ्यासक्रमात सक्तीचे चार आणि ऐच्छिक धरून आठपर्यंत जाता येत होतं, शिवाय राजकीय विचार आणि तुलनात्मक राजकारण यांचा पाया वेगळा. फीमध्ये दहापटीहून जास्त फरक.

वाचनयादी कशी पाहायची ते एका जाणत्या प्राध्यापकांनी फोनवर शिकवलं : "ताई, शेवटच्या पुस्तकाचं साल बघा." परराष्ट्र धोरणाच्या पेपरातलं सर्वांत नवं वाचन २००८च्या भारत-अमेरिका अणुकराराच्या आधीचं असेल, तर तो पेपर पंधरा वर्षांहून जास्त काळ कोणी उघडलेला नाही. आम्हाला असे दोन सापडले.

ऐच्छिक पेपरांचं आणखी एक आहे. छापील यादीत बारा असतात, प्रत्यक्ष तीन-चार चालतात, कारण पुरेशी मुलं किंवा शिकवणारा माणूस नसतो. म्हणून "कोणते ऐच्छिक आहेत" असं न विचारता "मागच्या वर्षी कोणते चालले" असं विचारायचं. आणि शक्य असेल तिथे स्वतः जाऊन नोटीस बोर्डावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढायचा. नोव्हेंबरात आम्ही तसंच केलं. वेळापत्रकाच्या चौकटींत विषयाखाली शिक्षकाच्या नावाची आद्याक्षरं असतात. ती मोजली की विभागात खरोखर शिकवणारी माणसं किती ते कळतं. तीच दोन आद्याक्षरं पाच दिवस सगळ्या चौकटींत फिरत असतील तर संकेतस्थळावरच्या शिक्षकांच्या यादीवर विसंबू नका. त्यातले कायम किती आणि तासिकेवरचे किती, हे तिसऱ्या वर्षाची मुलं पाच मिनिटांत सांगतात.

एमएसला याच सुमारास जाऊन आलो. रोज जाता-येता दिसणारा कला शाखेचा तो घुमट, पण या नजरेने कधी बघितला नव्हता. राज्यशास्त्राचा विभाग तिथे आहेच, शिवाय जर्मन, फ्रेंच, रशियन शिकण्याची सोय त्याच आवारात. फी वर्षाला काही हजारांत आणि मूल घरी राहतं. आपल्या गावात राहून राज्यशास्त्र घ्यायचं आणि जोडीला एक परकीय भाषा तीन वर्षं नेटाने शिकायची, ही योजना मी कुणालाही कमी प्रतीची म्हणणार नाही. मुख्य ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे त्या हंसा मेहता या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. त्याआधी त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणाऱ्या शब्दांच्या जागी 'सर्व मानव' आले ते त्यांच्या आग्रहामुळे. एका शब्दासाठी धरलेला हट्ट जगभरच्या कायद्यांत पोचतो. लेक त्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर हे सांगत होती आणि मला तेव्हा तिच्या विषयाची ओढ थोडी समजली.

डिसेंबरात परदेशाचा हिशेब मांडला, कारण 'मांडलाच नाही' अशी रुखरुख नको होती. वेल्समधल्या अॅबरिस्टविथ विद्यापीठात १९१९मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर, या विषयाचा जगातला पहिला विभाग निघाला. तो आजही आहे. ब्रिटनचे अर्ज यूकॅस या सामाईक अर्जसेवेमार्फत होतात. एका अर्जात पाच पर्याय, २०२५साठी शुल्क साडेअठ्ठावीस पौंड, आणि बहुतेक अभ्यासक्रमांची समान विचाराची मुदत (तिच्या आत आलेल्या सगळ्या अर्जांचा सारखाच विचार होतो) २९ जानेवारी. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मात्र १५ ऑक्टोबरलाच संपते. आम्ही जागे होईपर्यंत ती गेली होती, हे लक्षात ठेवा.

खर्चात लोक फक्त फी धरतात. फी विद्यापीठागणिक साधारण पंधरा ते तीस हजार पौंड वर्षाला. त्यावर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरायचा. तीन वर्षांच्या पदवीला व्हिसा काही महिने जास्त मिळतो, त्या अर्ध्या वर्षासह तो २,७१६ पौंड होतो. तेव्हाच्या दराने तीन लाखांच्या आसपास. राहण्याचा खर्च म्हणून लंडनबाहेर महिना १,१३६ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे १०,२२४ पौंड सलग २८ दिवस खात्यात दाखवायचे (२०२५च्या सुरुवातीचे आकडे, नंतर वाढले). शिवाय क्षयरोगाची तपासणी, विमान, थंडीचे कपडे. पहिल्या वर्षाचीच बेरीज पस्तीस लाखांकडे झुकली, आणि तिच्या बाबांनी वही मिटली. वाईट वाटलं, पण ते जानेवारीत वाटून गेलं हे बरं झालं. एमएच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या जास्त असतात. तेव्हा पुन्हा बघता येईल.

याच काळात एका सल्लागाराकडेही गेलो. सल्ला फुकट होता. फुकट असतो तेव्हा पैसे विद्यापीठ देत असतं, हे तिथे गेल्यावर कळलं. ज्यांच्याशी त्यांचा करार आहे त्याच पाच नावांभोवती बोलणं फिरत राहिलं. सरकारी विद्यापीठाबद्दल विचारलं की "तिथे प्लेसमेंट नाही" हे एकच उत्तर. जायचं असेल तर जा, पण पहिल्याच भेटीत विचारा : तुमचा करार कुणाकुणाशी आहे, ते लिहून द्याल का?

जानेवारीअखेर आमची यादी तयार झाली. पहिली पसंती दिल्ली विद्यापीठ, राज्यशास्त्र ऑनर्स. सक्तीचे पेपर, वाचनयादी आणि फी यांचा मेळ तिथे बसत होता. शिवाय दिल्लीत सप्रू हाउससारखी ग्रंथालयं, संरक्षण आणि परराष्ट्र धोरणावरची व्याख्यानं, दूतावासांच्या भाषासंस्था हे वर्गाबाहेरचं शिक्षण आहे. दुसरं गांधीनगर. तिसरं एमएस. जादवपूर लेकीला मनापासून आवडलं होतं, पण तिथली स्वतंत्र प्रवेशप्रक्रिया आणि दीड दिवसाचा रेल्वेप्रवास दोन्ही आम्हाला झेपणार नव्हतं.

सीयूईटीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेचा, अर्ज १ मार्चला सुरू झाला. मुदत २२ मार्च होती, पुढे २४पर्यंत वाढली. २२लाच तिचा सीबीएसईचा राज्यशास्त्राचा पेपर, म्हणून ८ मार्चला बसून अर्ज भरून टाकला. जास्तीत जास्त पाच विषय देता येतात. खुल्या वर्गाला तीन विषयांपर्यंत १,००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक विषयाला ४००. पाचांचे १,८०० झाले. ओबीसी-नॉन क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला) पहिल्या तिन्हींचे ९००, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ८००.

इथे एक खाच आहे आणि तिच्यात हुशार मुलं अडकतात. बारावीला नसलेला विषयही सीयूईटीत निवडता येतो. पण दिल्ली विद्यापीठ प्रवेश देताना बारावीला असलेल्याच, किंवा त्याच्या जवळच्या, विषयांचे गुण धरतं. म्हणजे परीक्षेचा नियम सैल आणि प्रवेशाचा नियम घट्ट. एका ओळखीच्या मुलाने सोपा म्हणून बारावीला नसलेला विषय घेतला आणि तो पेपर दिल्लीसाठी वाया गेला. आमची निवड इंग्रजी, राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र आणि सामान्य क्षमता चाचणी अशी होती. शेवटची दिल्लीला लागली नाही, पण काही विद्यापीठं तीच मागतात. परीक्षेचं माध्यम तेरा भाषांतून निवडता येतं, त्यात मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत. मात्र पदवीचं वाचन इंग्रजीत होणार असेल तर संज्ञांची सवय आताच लागलेली बरी.

नावाचा घोळ आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत हमखास होतो, म्हणून थोडं थांबून सांगते. इथल्या कागदांवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वडिलांच्या नावाला कुठे 'राव', कुठे 'भाई', आणि आईच्या नावाला शाळेत कुणीतरी परस्पर लावलेलं 'बेन'. त्यातून मराठी नाव गुजरातीत आणि तिथून इंग्रजीत गेलेलं, त्यामुळे स्पेलिंग दोन तऱ्हेचं. आमच्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावात 'भाई' होतं, आधारमध्ये नव्हतं. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण धरून आधार आणि अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) त्याला जुळवून घ्यायचे, आणि हे काम डिसेंबरातच उरकायचं. आम्ही फेब्रुवारीत सुरू केलं. आधारची दुरुस्ती मार्चच्या मध्यावर आली आणि अर्जातली दुरुस्ती २६ ते २८ मार्चच्या खिडकीत करावी लागली.

राखीव वर्गाचे दाखले लागणार असतील तर दोन गोष्टी बघा. केंद्रीय विद्यापीठाला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि केंद्राच्या यादीप्रमाणे लागतो; राज्याच्या यादीत जात असली म्हणजे केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. आणि ओबीसी व ईडब्ल्यूएस दोन्ही दाखले ३१ मार्च २०२५नंतर काढलेले हवे होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जनसेवा केंद्रात अर्ज टाकला तर मे अखेरपर्यंत निभावतं. जूनमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यांची झुंबड उडते.

परीक्षा ८ मेपासून जाहीर झाली होती, ती १३ मेपासून सुरू होऊन जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. केंद्राच्या शहराची चिठ्ठी येईपर्यंत काहीच ठरवता येत नव्हतं, ना प्रवास, ना झोप. ७ मेच्या संध्याकाळी नागरी संरक्षणाच्या सरावासाठी शहरात दिवे मालवले गेले. अंधारात बसून तिने आजीला नियंत्रणरेषा आणि आंतरराष्ट्रीय सीमा यांत फरक काय ते समजावलं. आजी म्हणाल्या, "हे पुस्तकात आहे तुझ्या?" होतं. बारावीच्या एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या दोन पुस्तकांपैकी एक जागतिक राजकारणाचंच आहे, आणि सीयूईटीचा पेपर बव्हंशी या दोन पुस्तकांतूनच येतो. वेगळा क्लास लावला नाही. प्रत्येक पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्न, सगळे सक्तीचे, बरोबर उत्तराला ५, चुकलं तर १ वजा, एकूण २५०. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. घड्याळ लावून रोज एक सराव पेपर, आणि चुकलेल्या प्रश्नाचं पुस्तकातलं पान शोधून काढायचं, एवढी तयारी पुरली. केंद्रावर आधारची मूळ प्रत लागते, मोबाइलमधला फोटो नाही.

सीबीएसईचा निकाल १३ मेला लागला. त्याच महिन्यात जीकॅसचा अर्ज भरला. गुजरातच्या सरकारी विद्यापीठांसाठी, एमएससह, हा एकच सामाईक अर्ज आहे आणि एकदाच ३०० रुपये. "दिल्ली नक्की आहे" म्हणून हा अर्ज सोडणारे आम्ही पाहिले. ३०० रुपयांत जुलैची झोप विकत मिळते, भरून ठेवा.

जून वाट बघण्यात गेला आणि तो सर्वांत जड होता. १७ जूनला दोन्ही गोष्टी एकदम आल्या : सीयूईटीची उत्तरसूची आणि दिल्ली विद्यापीठाच्या सीएसएएस या प्रवेशाच्या पोर्टलची नोंदणी. उत्तरसूचीवरच्या हरकतीला प्रश्नामागे २०० रुपये. पुस्तकातलं पान दाखवता येत असेल तरच घ्यावी. सीएसएएसला २५० रुपये. सीयूईटीचा अर्ज केला म्हणजे दिल्लीचाही झाला असं नाही. ही नोंदणी वेगळी करावी लागते.

त्याच आठवड्यात एका खासगी विद्यापीठाकडून प्रवेशपत्र आलं. सात दिवसांत ५०,००० भरा, नाहीतर जागा जाईल, परत मिळणार नाहीत. सीयूईटीचा निकाल अजून लागायचा होता. तिचे बाबा भरायला निघाले होते. आम्ही ईमेल केली : निकालापर्यंत मुदत द्यावी, आणि पैसे परत करण्याचा नियम लेखी कळवावा. दोन दिवसांनी मुदत वाढवून मिळाली. फोनवर नकार देणारे ईमेलला वेगळं उत्तर देतात.

४ जुलैला निकाल. ८ ते १४ जुलै पसंतीक्रम भरायचा होता. राज्यशास्त्र ऑनर्ससाठी एक भाषा आणि तीन विषय असे १,०००पैकी गुण धरले गेले. पसंतीक्रमात कॉलेज आणि अभ्यासक्रम मिळून एक पर्याय होतो. पुष्कळ मुलं दहा-बारा नामांकित कॉलेजं भरून थांबतात. तसं करू नका. पर्याय भरायला मर्यादा नाही, आणि खालचे पर्याय भरल्याने वरचे मिळण्याची शक्यता अजिबात कमी होत नाही. आधीच्या वर्षाचे प्रत्येक फेरीचे शेवटचे गुण विद्यापीठ जाहीर करतं; ते समोर ठेवून आम्ही त्रेसष्ठ पर्याय लावले. त्यात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि इतिहास अशा जोड्यांचे बीए प्रोग्रामही होते. क्रम मात्र मनातला खराच लावायचा, 'मिळेल की नाही' या हिशेबाने नाही. प्रत्येक कॉलेजसमोर मेट्रो स्टेशनपासूनचं अंतर आणि मुलींचं वसतिगृह आहे की नाही हे लिहून घेतलं, त्याने सुमारे वीस पर्यायांची उलथापालथ झाली. १५ जुलैला तात्पुरता क्रमांक दिसला आणि बदल करायला एक दिवस मिळाला.

१९ जुलैला पहिली यादी. सतरावा पर्याय. इथे पुढचा निर्णय घाईत घेतला जातो, म्हणून नीट वाचा. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही तर पूर्ण प्रक्रियेतूनच बाहेर. स्वीकारून, फी भरून, मग 'फ्रीझ' किंवा 'अपग्रेड' निवडायचं. फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की. अपग्रेड म्हणजे फक्त वरच्या पसंतीचा विचार होतो. वरचं मिळालं की आधीची जागा आपोआप जाते, मग मागे फिरता येत नाही. म्हणून जे पर्याय आता खरंच नकोत ते क्रम बदलण्याच्या मुदतीत काढून टाकावे. आम्ही अपग्रेड घेतलं. २८ जुलैच्या यादीत आठवा पर्याय लागला, आणि मग फ्रीझ.

चूक झाली ती राहण्याच्या जागेची. पहिल्या यादीनंतर घाबरून त्या कॉलेजजवळच्या पीजीला (पेइंग गेस्ट म्हणून राहण्याच्या जागेला) ८,००० रुपये डिपॉझिट ऑनलाइन पाठवलं. नवं कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. डिपॉझिट परत आलं नाही. दुसरी यादी लागेपर्यंत पीजीला पैसे देऊ नका, आणि खोली, संडास-बाथरूम, पाण्याची वेळ डोळ्यांनी बघितल्याशिवाय तर मुळीच नाही. वसतिगृहात जागा थोड्या असतात आणि त्यांचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाहून वेगळा असतो. पीजीचे दर आम्हाला दोन वेळच्या जेवणासह महिना १२,००० ते १८,००० सांगितले गेले. कॉलेजची वर्षाची फी त्यामानाने कमी. दिल्लीत कॉलेजनुसार साधारण दहा-पंधरा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जाते. म्हणजे घराचं बजेट फीवर नाही, राहण्यावर ठरतं. महिन्याच्या खर्चाला बारा नव्हे, दहाने गुणा, कारण सुट्टीत मूल घरी येतं. पण पीजीवाला बाराही महिन्यांचं भाडं घेतो का ते आधी विचारा.

३० जुलैला राजधानीने निघालो. बडोद्याहून रात्री बसलं की सकाळी दिल्ली. बरोबर नेलेली फाइल : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र, सीयूईटीचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, आधार, वाटपपत्र, फीची पावती, वीस फोटो, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्याच्या झेरॉक्स घरीही ठेवा, कारण मूळ प्रत कॉलेजकडे जमा होते आणि नंतर बँकेला लागली की धावपळ होते.

जीकॅसमधून एमएसची जागा तिला मिळालेली होती. ती रद्द केल्याशिवाय पुढच्या फेरीत मोकळी होत नाही आणि रद्द करायला विद्यार्थ्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो. आमच्या अर्जात नंबर लेकीचा होता, लेक दिल्लीला आणि मी परत येऊन बडोद्याला खिडकीपाशी. तीन वेळा ओटीपीची वेळ टळली. चौथ्या वेळी तिने दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर येऊन आकडे सांगितले, आणि जागा रिकामी झाल्याची पावती निघाली.